ताडोब्यातली शीळ

भाईंदरला आमच्या गच्चीवरून राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसतो. तिथं बिबटे आहेत. पण लेकाला वाघ बघायचा होता, म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही पार चंद्रपूर गाठलं.

मोहर्लीच्या फाटकातून ताडोब्यात शिरलो. वाघ काही दिसला नाही. पाणवठ्यावर मात्र तांबूस अंगाची, काळ्या झुबकेदार शेपटीची सात रानकुत्री होती. कोळसून म्हणतात ती हीच. ही भुंकत नाहीत, एकमेकांना चक्क शीळ घालतात!

शिकार जिवंतपणीच फाडतात म्हणून ही बदनाम. इंग्रजांच्या काळात मारणाऱ्याला बक्षीस मिळे. पण घरचं वळण बघा. शिकारीवर आधी पिल्लं जेवतात. बाळंतिणीला बाकीचे पोटातलं मांस आणून भरवतात. आपल्याकडे इतकं होतं का हो?

2015 च्या अंदाजानुसार जगात वीण करण्याजोगी रानकुत्री अडीच हजारांच्या आतच होती. जंगल कमी, सावज कमी, आणि गाइड म्हणाला, "गावकुत्र्यांचे रोग. डिस्टेंपर शिरला की कळपच जातो."

माझ्या पोटात धस्स झालं. दोन वर्षांपूर्वी लेकानं जिन्याखालचं पिल्लू घरी आणलं होतं. लस पुढच्या पगाराला, पुढच्या पगाराला म्हणत राहिले. ते डिस्टेंपरनंच गेलं. लेकाला मी सांगितलं, थंडीनं गेलं.

परतीच्या गाडीत त्यानं विचारलं, "आई, मोत्याला थंडीच झाली होती ना?"

ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. वर्धा आल्यावर मी त्याला खरं सांगितलं.