पूर्णविरामातले पत्र

पत्रातला खरा मजकूर ओळींत नसतो, हे प्रेमपत्रे लिहिणाऱ्यांना मी सांगायला नको. पण तो पूर्णविरामात असू शकतो, हे मात्र मला नवे होते!

दुसऱ्या महायुद्धात जर्मन हेर अख्ख्या पानाचे छायाचित्र टिंबाएवढे करून साध्यासुध्या पत्रावर चिकटवीत. १९९९ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयात क्लेलंड, रिस्का आणि बँक्रॉफ्ट या तिघांनी तसल्याच टिंबात डीएनए भरला. त्यांतली व्हिव्हियाना रिस्का तर शाळकरी पोर! डीएनएची बाराखडी अवघी चार अक्षरांची. तीन-तीन अक्षरांचे गट पाडले की चौसष्ट होतात. आपली सारी वर्णमाला त्यात सुखाने मावेल. (जोडाक्षरांचे काय करायचे ते व्याकरणकारांनी ठरवावे, तोवर युद्ध संपलेले असेल.) त्यांनी लिहिले ते नॉर्मंडीवरील ६ जून १९४४ च्या चढाईचे जुनेच गुपित. मजकुराची ६९ अक्षरे, दोन्ही टोकांना वीस-वीस अक्षरांच्या खुणा, आणि तो धागा माणसाच्या डीएनएच्या असंख्य तुकड्यांत मिसळून दिलेला. पंढरीच्या वारीत एकच वारकरी हुडकावा, तशातली गत! ज्याला दोन्ही खुणा ठाऊक, त्याने प्रयोगशाळेत तेवढ्याच धाग्याच्या लक्षावधी प्रती काढाव्यात. बाकीची गर्दी गप्प राहते. ठाऊक नसतील, तर वीस अक्षरांच्या एकेका खुणेच्या संभाव्य मांडण्याच १ लाख कोटींहून अधिक. पत्र टपालातून गेले आणि टिंबातला मजकूर वाचताही आला.

मला कौतुक वाटले, आणि पाठोपाठ धास्तीही. मी वर्गात लीळाचरित्र शिकवतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे अक्षरांची अदलाबदल करून, जपले. राजवाड्यांनी तिची उकल करीपर्यंत मराठीचे ते सुरेख गद्य पंथाबाहेरच्या मराठी माणसाला शतकानुशतके मुकेच राहिले. कुलूप परक्यांसाठी होते खरे. पण त्या परक्यांत आमचे खापरपणजोबाही आले!

डीएनए तर भलताच चिवट. सैबेरियातील मॅमथच्या दातांतला १० लाख वर्षांहून जुना डीएनए २०२१ साली वाचला गेला. टिंब टिकेल हो. पण त्या चाळीस अक्षरांच्या किल्लीचे काय? कोणाला सांगावी, तर ती फुटण्याचे भय. न सांगावी, तर धन्याबरोबर तीही सरणावर जायची. शिवाय आता अख्खी गर्दीच वाचून काढणारी यंत्रे आली आहेत. तेव्हा मजकूर आधी सांकेतिक करायचा आणि मग लपवायचा. म्हणजे एका किल्लीच्या दोन किल्ल्या. आमच्या घरी कपाटाला एकच आहे, आणि ती दर रविवारी हरवते.