चौरसाचे पाच वाटे

अपूर्णांक शिकवायला मी रद्दीच्या वर्तमानपत्रांचे चौरस वापरते. पोरांनी कितीही फाडले तरी जीव हळहळत नाही. आमची शाळा द्विशिक्षकी, चौथी-पाचवी एकाच खोलीत आणि दोन्ही माझ्याकडे. प्रत्येकाच्या हातात २० सेंटिमीटर बाजूचा चौरस द्यायचा आणि सांगायचं, याचे दोन सारखे वाटे करा.

बहुतेक जण मधोमध घडी घालून पट्टी करतात. काही जण कोपऱ्याला कोपरा लावतात, त्यांचा त्रिकोण होतो. मग भांडण हमखास. त्रिकोण ऐसपैस दिसतो, त्यामुळे पट्टीवाल्यांना आपल्याला कमी मिळालं असं वाटतं. "बाई, त्याचा बघा किती लांब जातोय!" मी निकाल देत नाही. कागद कापायला लावते आणि काटकोनाला काटकोन जुळवून त्रिकोण पट्टीवर ठेवायला सांगते. त्रिकोणाची उभी बाजू पट्टीच्या लांबीवर चपखल बसते, आडवी मात्र १० सेंटिमीटर बाहेर येते. बाहेर आलेलं कापलं की एक छोटा त्रिकोण हाती येतो. पट्टीचा वरचा कोपरा अजून उघडाच असतो. तो छोटा त्रिकोण अर्धा फिरवून त्या कोपऱ्यात सरकवला की पट्टी पुरती झाकली जाते. हे स्वतःच्या हाताने केल्याशिवाय कुणी मानत नाही, आणि मानूही नये.

एकदा खात्री पटली की पोरं सुटतात. कुणी तिरकी रेघ मारतं, कुणी जिन्याच्या पायऱ्या काढतं, कुणी नागमोडी कापतं. चौरसाच्या मध्यबिंदूतून जाणारी कुठलीही सरळ रेघ त्याचे दोन सारखे भाग करते. वळणावळणाची रेघसुद्धा चालते, फक्त मध्यबिंदूच्या एका अंगाला जे वळण घेतलं तेच दुसऱ्या अंगाला उलटं घ्यायचं. पडताळा सोपा आहे. कागद पालथा न करता एक तुकडा अर्धा फिरवून दुसऱ्यावर ठेवायचा. पाठ्यपुस्तकात अर्ध्याचं चित्र एकाच तऱ्हेचं दिसतं. इथे वर्गातल्या प्रत्येकाचं अर्धं वेगळं.

चार आणि आठ भाग घड्यांनी आपसूक होतात. तिनाला मात्र घडी अडते. अंदाजाने दुमडायचं, मग एक भाग जाड निघणार. यावरची एक सुंदर युक्ती काझुओ हागा या जपानी प्राध्यापकांची आहे. हा माणूस मुळात जीवशास्त्राचा. त्यासाठी मी २४ सेंटिमीटरचा चौरस घेते, म्हणजे मापं पूर्णांकात येतात. वरच्या कडेच्या मध्यावर खूण करायची आणि खालचा उजवा कोपरा उचलून त्या खुणेवर टेकवायचा. खालची कड आता तिरकी होऊन डाव्या बाजूने बाहेर डोकावते. ती डावी कड जिथे ओलांडते तिथे पेन्सिलीने ठिपका द्यायचा आणि घडी उलगडायची. ठिपका खालच्या कोपऱ्यापासून बरोबर ८ सेंटिमीटरवर! शिवाय घडी असताना वरच्या उजव्या कोपऱ्यात जो त्रिकोण तयार होतो, त्याच्या बाजू ९, १२ आणि १५ भरतात. कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवायचा विचार आपल्याकडेही जुना आहे. टी. सुंदर राव यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक मद्रासला १८९३ साली छापलं गेलं.

पाच वाट्यांसाठी मी घड्या सोडून कार्डशीट घेतली. २० सेंटिमीटरचा चौरस म्हणजे परिमिती ८०. कोपऱ्यापासून निघून कडेकडेने दर १६ सेंटिमीटरवर खूण करत जायचं, कोपरा आला तर वळून माप पुढे चालू ठेवायचं, आणि सगळ्या खुणा मध्यबिंदूला जोडायच्या. दोन त्रिकोण आणि तीन चौकोन निघतात, आणि ते चौकोनही एका आकाराचे नसतात. तरी प्रत्येकाचं क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर, कारण मध्यबिंदू चारही कडांपासून १० सेंटिमीटरवर आहे आणि प्रत्येकाच्या वाट्याला कड १६च आली आहे. पण त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचं सूत्र या पोरांना अजून माहीत नाही. मग बाजाराच्या दिवशी तुकडे घेऊन एका ओळखीच्या सराफाकडे गेले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काट्यावर एकेक तुकडा ठेवला. ग्रॅमच्या पहिल्या दशांशापर्यंत सगळे सारखे, पुढचा फरक माझ्या कात्रीचा. वर्गात चिठ्ठीवरची वजनं वाचून दाखवली तेव्हा कुठे विषय मिटला. चौकोनी केक असा कापला तर केकही सारखा आणि कडेचं क्रीमही सारखं मिळतं, हे लगेच कुणीतरी ओळखलं.

मग पाचवीतल्या एकीने विचारलं, "बाई, पाचही त्रिकोणच करता येतील का?"

येत नाहीत. चौरसाचे सारख्या क्षेत्रफळाचे त्रिकोण करायचे तर संख्या सम हवी. तीन, पाच, सात, कुठल्याही विषम संख्येला ते जमत नाही. हे पॉल मन्स्की या अमेरिकन गणितज्ञाने १९७० साली सिद्ध केलं. त्या सिद्धतेत चौरसातल्या प्रत्येक बिंदूला तीनपैकी एक रंग देतात, आणि रंग ठरतो तो बिंदूच्या निर्देशकांमध्ये दोनाचे घात किती, यावरून. मी ती वाचली, पण फळ्यावर मांडायच्या फंदात पडले नाही. समाचं काम सोपं आहे: सहा हवेत तर तीन पट्ट्या करा आणि प्रत्येक पट्टी कर्णावर कापा. ते सगळ्यांनी पटापट केलं, कुणी तर चोवीसपर्यंत गेलं. पण ती मुलगी हटेना. "सहाचे होतात, चाराचे होतात, मग पाचाने काय घोडं मारलंय?" पाचवीच्या पोरीला पटेल असं उत्तर माझ्याजवळ अजून तरी नाही.