‘मीथिंक्स’मधला ‘स’

चि. सानिका,


‘हॅम्लेट’मधल्या राणी गर्ट्रूडच्या तोंडी ‘मीथिंक्स’ आहे. ‘मी’पुढच्या क्रियापदाला ‘स’ कसा, ही तुझी शंका अगदी रास्त आहे. इंग्रजीतला हा ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. कर्ता तो नव्हेच.

जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. ‘थेन्चन’ म्हणजे विचार करणे आणि ‘थ्युन्चन’ म्हणजे वाटणे, भासणे. जर्मनने आपली जोडी, ‘डेंकेन’ आणि ‘ड्युंकेन’, अजून वेगळी ठेवली आहे. इंग्रजीत मात्र स्वर बदलत गेले आणि दोन्ही क्रियापदं ‘थिंक’ या एकाच रूपात मिसळली. ‘मीथिंक्स’ आलं ते दुसऱ्यातून: ‘मला वाटतं’. जे वाटतं ते तृतीयपुरुषी, म्हणून ‘स’. चौदाव्या शतकात चॉसर तिथे ‘एथ’ लावून ‘मी थिंकेथ’ लिहितो.

अशी वाक्यं तेव्हा भरपूर होती. ‘लाइक’चा जुना अर्थही ‘आवडून घेणे’ नव्हे, तर ‘पसंत पडणे’ असा होता. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांचं याबद्दलचं एक उदाहरण मला फार प्रिय आहे: राजाला पेअर आवडले. जुन्या इंग्रजीत इथे क्रियापद अनेकवचनी असे, कारण ते राजाच्या नव्हे, फळांच्या मागे जाई. आपण ‘मला पुस्तक आवडलं, पुस्तकं आवडली’ म्हणतो, तसंच. पुढे नामांचे विभक्तिप्रत्यय झडले. ‘राजाला’ आणि ‘राजा’ सारखेच दिसू लागले, आणि क्रियापदाआधी येतो तो कर्ता, ही सवय पक्की होत गेली. मग राजाच पेअर आवडून घेऊ लागला! ‘मला भूक लागली’ म्हणण्याची तशीच जुनी रीतही गेली. ‘मीथिंक्स’ तेवढं एका शब्दात गोठून राहिलं.

इंग्रजीने आपल्याकडून काही घेतलं किंवा आपण तिच्याकडून, असं मात्र समजू नकोस. पण विचार आपण करतो आणि वाटणं आपल्याकडे येतं, हा भेद तुझ्या जिभेवर लहानपणापासून आहे. वर्गात हा शब्द निघाला की ‘मला वाटतं’ फळ्यावर लिहून दाखव. ‘मी विचार करते’ त्याच्या शेजारी लिहिलंस, तर दोन्ही जुनी क्रियापदं मुलांना डोळ्यांनी दिसतील.

याचा भूतकाळ ‘मीथॉट’. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’च्या चौथ्या अंकात बॉटम विणकर स्वप्नातून जागा होतो आणि हाच शब्द पुन्हापुन्हा म्हणतो. ते भाषण मोठ्याने वाच, प्रत्येक वेळी मनात ‘मला वाटलं’ म्हणत, आणि कसं वाटलं ते कळव.

तुझी,
आत्या