शेवटचं अक्षर

हात थरथरायला लागल्यापासून सोल्डरिंग भाची करते, मी शेजारी बसून खुसपटं काढतो. गच्चीवरच्या टाकीतली पातळी तळमजल्यावरच्या पंपाला कळवायची, एवढंच काम. तिथे माझी आरएस-४८५ची वायर होती. ती म्हणाली, "मामा, दोन ईएसपी-३२ बोर्ड लावू. बिनतारी ईएसपी-नाऊवर बोलतील, राउटरही नको." संध्याकाळपर्यंत लावलेसुद्धा. ते चाललं याचाच मला राग आला.

कारण त्या वायरीवर मी शेवटच्या अक्षरापायी उमेद घालवली आहे. ४८५वर एका वेळी एकानेच बोलायचं, बोलून झालं की डीई पिन खाली करून लाइन सोडायची. कधी सोडायची, तिथेच घोडं अडतं. बफर रिकामा झाला तरी शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमधून बिटाबिटाने बाहेर पडत असतो. ९६०० बॉडला अक्षरामागे साधारण १ मिलिसेकंद. तेवढ्यात लाइन सोडली की ७५चा ५ गळतो, पंपाला ७ टक्के ऐकू येतात आणि गच्चीवर पाणी. उशिरा सोडली तर समोरच्याच्या उत्तराची सुरुवात आपल्याच पायाखाली जाते. शेवटचा बिट गेल्यावर उठणारा टीएक्ससी फ्लॅग बघा, हे मीच सगळ्यांना सांगतो. पण पीसीला यूएसबी डोंगल लावला की तो फ्लॅग आपल्या हातात कुठे उरतो?

दिशा आपोआप बदलणारी स्वस्त मॉड्यूलं तर बघवत नाहीत. त्यातली बरीचशी फक्त शून्य ढकलतात, एक आला की लाइन रेझिस्टरांच्या भरवशावर. साध्या मॅक्स-४८५च्या मॉड्यूलवरही १२० ओहमचा रेझिस्टर आधीच ठोकलेला. लाइनीवर पाच लावा, झाले २४ ओहम. टोकाचे दोन सोडून बाकीचे उपटायचे असतात, हे विकणारा सांगत नाही आणि व्हिडिओवालाही नाही.

वायरलेसमध्ये अर्धं अक्षर येतच नाही. चेकसम जुळला तर अख्खं पॅकेट, नाहीतर काहीच नाही. शहाणपणाचंच आहे ते. पण अर्ध्या अक्षरावरूनच मी दोष ओळखायचो. स्कोपवर तुटलेला बिट दाखवला की बघणारे गप्प व्हायचे, आणि ते गप्प होणं मला फार आवडायचं. वायरीची बाजू मी इतकी वर्षं घेतली, त्यात निम्मा वाटा त्या शांततेचा.

परवा भाचीची पॅकेटं गळू लागली. तिने दोन्ही बोर्ड रीसेट केले, सुरळीत झालं. का गळत होती ते तिला कळलं नाही, मलाही नाही. मला मात्र दिवसभर बरं वाटत होतं.