मेमरीचा सातबारा

मशीनमध्ये मेमरी १६ जीबी आणि देखरेखीच्या पडद्यावर वापर २० जीबी. असा फोन मला एका कंपनीतून रात्री साडेअकराला आला. त्यांच्या सर्व्हरवर एक मोठा शब्दकोश मेमरीत चढवून त्यावर काम करणाऱ्या ३२ प्रोसेस चालायच्या. प्रत्येकीच्या नावावर ६४० एमबी. ३२ नं गुणलं की २० जीबी होतात, गुणाकारात चूक नव्हती. नवी मेमरी मागवायची यादीसुद्धा तयार झाली होती.

मी त्यांना एकच फाइल उघडायला सांगितली. प्रॉक नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या नंबरखाली एसमॅप्स नावाची फाइल असते. तिच्यात आरएसएस ही ओळ असते आणि जवळच पीएसएस ही दुसरी. आरएसएसच्या ओळींची बेरीज ६४०, पीएसएसची जेमतेम २०. मूळ प्रोसेसनं शब्दकोश एकदाच वाचला होता आणि मग स्वतःच्या ३१ प्रती काढल्या होत्या. शब्दकोशाची पानं सगळ्यांची एकच. आरएसएस प्रत्येकीच्या नावावर सगळी पानं चढवतो, पीएसएस पानाचे वाटेकरी मोजून हिस्सा लावतो. सामाईक सातबाऱ्यावर चार भावांची नावं लागली म्हणून जमीन चौपट होत नाही, इतकंच मी फोनवर म्हणालो आणि पलीकडे लगेच उमगलं.

गेली वीस वर्षं मी लिनक्सच्या मेमरीभोवती काम करतो आहे. कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीच्या ज्या नोंदी ठेवतो त्यातल्या किती ॲप्लिकेशनला दाखवाव्यात, हा वाद या काळात अनेकदा पेटलेला मी पाहिला. माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वतःच्या ताब्यात काय आहे हे कळणं हा ॲप्लिकेशनचा हक्क आहे आणि तो काढून घेणं चूक आहे. पण नोंदवही जशीच्या तशी हातात देणंही चूक आहे.

प्रोग्रॅमला दिसणारे पत्ते आभासी असतात. सगळी मेमरी आपलीच, असं धरून तो चालतो. त्याचं अमुक पान रॅममधल्या नेमक्या कोणत्या चौकटीत आहे, हे फक्त कर्नेलच्या तक्त्यांत असतं. पान बहुधा ४,०९६ बाइटचं आणि रॅममधली चौकटही तेवढीच. कोणत्या पानाला कोणती चौकट, हे कर्नेल परस्पर बदलू शकतो, प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही.

या व्यवस्थेची वरची बाजू, म्हणजे आभासी पत्ते, मॅप्स नावाच्या फाइलमध्ये दिसते. प्रोसेसची माहिती फाइलसारखी वाचायची ही कल्पना जुनी. बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी ती १९८४ मध्ये युनिक्ससाठी मांडली. मॅप्समधल्या एका ओळीची सुरुवात अशी असू शकते: ००४०००००-००४५२०००. आकडे षोडशमान पद्धतीतले. वजाबाकी केली की ३,३५,८७२ बाइट, म्हणजे बरोबर ८२ पानं. पुढे चार अक्षरं येतात. वाचता येतं का, लिहिता येतं का, चालवता येतं का, आणि हा तुकडा खासगी की सामाईक. शेवटी ही पानं ज्या फाइलमधून आली तिचं नाव. प्रोग्रॅम कोसळला की मी आधी इथे येतो. ज्या पत्त्यावर तो पडला तो कोणत्या ओळीत बसतो ते पाहिलं की अर्धा तपास होतो.

जुन्या पद्धतीनं बांधलेला प्रोग्रॅम नेहमी ००४००००० सारख्या ठरलेल्या पत्त्यापासूनच सुरू व्हायचा. घुसखोराला पत्ता पाठ. म्हणून पत्ते दर वेळी हलवायची पद्धत आली आणि २००५ मध्ये मुख्य लिनक्समध्ये तिची सुरुवात झाली. दुसऱ्याचा मॅप्स कुणालाही वाचता आला तर हे हलवणं फुकट जाईल. त्यामुळे त्यासाठी डीबगर लावताना तपासतात त्याच जातीची परवानगी लागते. इथवर सगळं ठीक आहे.

खरा प्रश्न खालच्या बाजूचा, म्हणजे रॅममधल्या चौकटींचा. २००८ मध्ये लिनक्स २.६.२५ मध्ये पेजमॅप नावाची फाइल आली. तिच्यात प्रत्येक पानासाठी ६४ बिटांची एक नोंद. सर्वांत वरचा बिट सांगतो, पान रॅममध्ये आहे. त्याच्या खालचा सांगतो, ते स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, गेलंय. आणि पान रॅममध्ये असेल तर तळाचे ५५ बिट रॅममधल्या चौकटीचा खरा नंबर सांगतात, जमिनीचा गट नंबर म्हणा. आपल्याच पानांचे नंबर आपण वाचतोय, त्यात कुणाचं काय बिघडणार, असं तेव्हा आम्हा बहुतेकांना वाटत होतं.

बिघडलं ते रॅमच्या चिपमुळे. रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक सूक्ष्म साठा आणि हे साठे ओळींनी मांडलेले. ओळी इतक्या जवळ आल्या की एकच ओळ फार वेळा आणि फार वेगानं उघडली तर शेजारच्या ओळीतला साठा गळतो. ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरला जातो, पण त्याआधीच एखादा बिट उलटतो. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेलच्या संशोधकांनी १२९ मेमरी मोड्यूल तपासली, त्यांतल्या ११० मध्ये बिट उलटले. याचं नाव रोहॅमर. मार्च २०१५ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झिरो गटानं दाखवून दिलं की असा उलटलेला बिट कर्नेलच्या तक्त्यात पाडता आला, तर साधा प्रोग्रॅम स्वतःचा तक्ता स्वतःच लिहू लागतो आणि सगळी रॅम त्याची होते. ठोकायच्या ओळी नेमक्या निवडायला खऱ्या चौकटीचा नंबर हाताशी असला की काम सोपं. तो नंबर पेजमॅप मागेल त्याला देत होती.

लिनक्स ४.० मध्ये ही फाइल उघडणंच सामान्य वापरकर्त्याला बंद झालं. घाई समजण्यासारखी होती. पण त्याबरोबर आमचं एक अवजारही बंद पडलं. कोणती पानं स्वॅपमध्ये गेली एवढंच ते बघायचं, चौकटीच्या नंबराशी त्याला देणंघेणं नव्हतं. ४.२ मध्ये दुरुस्ती आली. फाइल पुन्हा उघडली, वरचे बिट खरे, आणि अधिकार नसेल तर नंबराच्या जागी शून्य. तो बदल वाचला त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला. ज्याला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं आणि बाकीचं झाकलं गेलं.

चौकटीचा नंबर खरोखर लागतो अशी कामं आहेत. नेटवर्क कार्ड पॅकेट थेट मेमरीत टाकतं, त्याला प्रोग्रॅमचे आभासी पत्ते कळत नाहीत. म्हणून डीपीडीके ही नेटवर्क कार्ड थेट हाताळणारी लायब्ररी वापरणारे प्रोग्रॅम पेजमॅपमधून नंबर काढायचे आणि त्यासाठी त्यांना रूटचे अधिकार द्यावे लागायचे. माझ्या मते याचा योग्य मार्ग आयओएमएमयू. कार्डाच्या आणि रॅमच्या मध्ये पत्ते बदलणारं हे हार्डवेअर बसलं की कार्डालाही आभासी पत्ता देता येतो. २०१२ पासून लिनक्समध्ये असलेली व्हीएफआयओ ही सोय ॲप्लिकेशनला हेच करू देते.

नंबर झाकले म्हणून सगळं झाकलं जात नाही, हे २०१९ मध्ये कळलं. मिनकोअर हा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमनं कर्नेलला घातलेली हाक, विचारतो, या फाइलची कोणती पानं आत्ता मेमरीत आहेत? प्रश्न साधा, उत्तर हो किंवा नाही. पण फाइलची पानं सगळ्या प्रोसेसची सामाईक असतात. सामाईक लायब्ररीचं एखादं पान नुकतंच मेमरीत आलं, यावरून शेजारचा प्रोग्रॅम कोणता कोड चालवतोय ते ओळखता येतं. लिनक्स ५.२ पासून फाइल तुमची असेल किंवा तिच्यात लिहायचा अधिकार असेल, तरच खरं उत्तर मिळतं. एरवी सगळी पानं मेमरीत आहेत असंच सांगितलं जातं. इथे मी थोडा अस्वस्थ आहे. शून्य दिसलं की झाकलंय हे कळतं, पण 'हो' दिसलं तर ते खरं की सांगण्यापुरतं, हे प्रोग्रॅमला कळायला मार्ग नाही. मला तिथे स्पष्ट नकार आवडला असता. पण नकार दिला असता तर आधीपासून चालणारे प्रोग्रॅम मोडले असते, हेही मला दिसतं.

२०२४ मध्ये लिनक्स ६.११ मध्ये मॅप्सच्या फाइलला थेट प्रश्न विचारायची सोय आली. हा पत्ता कोणत्या तुकड्यात येतो, एवढं विचारायचं. एकच उत्तर येतं, सुरुवात, शेवट, परवानग्या, फाइलचं नाव. आधी यासाठी सगळी फाइल मजकूर म्हणून वाचावी लागायची, मोठ्या प्रोग्रॅमच्या तर हजारो ओळी. प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या माझ्या प्रोफायलरमध्ये त्या ओळी फोडणारा दोनशे ओळींचा कोड होता, मीच लिहिलेला. गेल्या उन्हाळ्यात तो काढला आणि त्या जागी एक प्रश्न ठेवला.