सावध करणारा शत्रू

प्रत्यक्ष रणांगणावर शत्रूने आधी इशारा द्यावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थामा रात्रीच्या अंधारात निद्रिस्त वीरांच्या शिबिरात शिरला. त्याच्या त्या कृत्याला कोणी पराक्रम म्हटले नाही. पण त्याचे वार मात्र अचूक लागले. परंतु मुलांच्या हातातील व्हिडिओ गेममध्ये एक निराळाच शत्रू वावरत असतो. तो सांगून वार करतो! त्याचे डोळे चमकतात, खांदा मागे जातो, क्वचित जमिनीवर तांबडे वर्तुळ उमटते, आणि मगच त्याची तलवार खाली येते.

वरवर पाहता हा शत्रूचा भाबडेपणा वाटेल. पण सारा खेळ त्यावरच उभा असतो. १९८० साली अटारी कंपनीने 'मिसाइल कमांड' नावाचा खेळ काढला. आकाशातून कोसळणाऱ्या क्षेपणास्त्रांपासून सहा शहरे वाचवावयाची, एवढेच त्यात काम. प्रत्येक क्षेपणास्त्र आपल्यामागे एक बारीक रेघ ओढीत खाली येई. त्या रेघेवरून पुढची वाट ताडावयाची आणि क्षेपणास्त्र जेथे पोहोचणार तेथे आधीच नेम धरावयाचा. ती रेघ हाच इशारा होता. ती नसती, तर आकाशातील इवल्याशा ठिपक्याचा रोख कोणाला कळला असता?

पुढे १९८७ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'पंच-आउट' या मुष्टियुद्धाच्या खेळात ही कला विशेष खुलली. त्यातील लिट्ल मॅक हा ठेंगणा नायक, आणि समोर एकाहून एक धिप्पाड मल्ल. नुसत्या बळावर त्याचा निभाव लागणे शक्य नाही. निरीक्षण हेच त्याचे शस्त्र. एका मल्लाच्या भुवया ठोसा मारण्यापूर्वी हलतात. दुसरा दूर मागे सरून उड्या मारीत अंगावर येतो. नेमक्या क्षणी त्याच्या पोटात ठोसा बसला, की तो धिप्पाड गडी आडवा होतो. त्यांतच ग्रेट टायगर नावाचा एक मल्ल आहे. तो चक्क मुंबईचा म्हणून दाखविला आहे! त्याच्या फेट्यातील रत्न चमकले, की ठोसा आलाच म्हणून समजावे.

या खुणांमागे एक हिशेबही असतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर हात हलविण्यास माणसाला साधारणपणे पाव सेकंद लागतो. पुष्कळ खेळांत पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे सरकतात. म्हणजे पाव सेकंदात १५ चित्रे निघून जातात. शत्रूची खूण याहून अल्पकाळ टिकली, तर चपळ खेळाडूचाही नाइलाज होतो. आणि ती फार रेंगाळली, तर खेळातील गोडी जाते. म्हणून आरंभीचे शत्रू सावकाश हात उगारतात आणि पुढचे पुढचे शत्रू तो अवधी आखडीत नेतात. खेळाडूची नजर तयार होत जाते, तसा हा अभ्यास कठीण होतो.

मात्र खुणांचाही अतिरेक होऊ शकतो. २००९ च्या 'बॅटमॅन : अर्कम असायलम' या खेळात हल्ला करू पाहणाऱ्या गुंडाच्या डोक्यावर एक चिन्ह चमकते. ते दिसताच कळ दाबली, की वार परतविला जातो. सोय मोठी; पण अशाने दृष्टी शत्रूवरून उडून चिन्हावरच खिळण्याचा संभव असतो. २०१९ च्या 'सेकिरो' या जपानी खेळाने यावर छान तोड काढली. तेथे घातक वारापूर्वी नायकाच्या डोक्यावर 'संकट' या अर्थाचे तांबडे चित्राक्षर झळकते. पण संकट कोणते, हे ते सांगत नाही. भाला सरळ येत असेल तर पुढे पाऊल टाकून तो पायाखाली दाबावा, पायांवर आडवा वार येत असेल तर उडी मारावी, शत्रू कवटाळू पाहत असेल तर दूर सरावे. इशारा एकच, उत्तरे मात्र तीन! सावध अक्षर करते; ओळखावयाचे काम डोळ्यांनाच करावे लागते.

पण ज्याला ती खूण दिसतच नाही, त्याने काय करावे? युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारांतील एकाला तांबड्या-हिरव्या रंगांचा भेद नीट कळत नाही. हिरवळीवर उमटलेले तांबडे वर्तुळ त्याच्यापुरते नसल्यासारखेच. तो हरतो तो चुकल्यामुळे नव्हे; त्याला कोणी सावधच केलेले नसते. म्हणून विचारी रचनाकार रंगाच्या जोडीला आकार, हालचाल आणि ध्वनी यांचीही योजना करतात. 'द लास्ट ऑफ अस'च्या २०२० मधील दुसऱ्या भागात अशा ६० हून अधिक सोयी आहेत. त्यांत इशारे ध्वनीने देण्याची आणि हातातील यंत्राच्या थरथरीने पोहोचविण्याची व्यवस्था आहे. अंध खेळाडूंनीही तो खेळ शेवटास नेला आहे.

खेळ रचणाऱ्याच्या हाती सारी सत्ता असते. खेळाडूला कोणत्याही क्षणी, कोणत्याही दिशेने मारणे त्याला अशक्य नाही. तरीही तो आपल्या शत्रूला हात उगारल्यावाचून वार करू देत नाही. इशारा न देता लादलेल्या पराभवातून चीड तेवढी उरते. खूण दिसूनही झालेल्या पराभवातून मूल काहीतरी शिकते आणि पुन्हा उभे राहते. शिकविणाऱ्याने कठीण प्रश्न अवश्य घालावा. पण उत्तराची वाट शोधू पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला ती वाट दिसेल, याची काळजीही त्यानेच वाहावी.