लेखनातील अपरिग्रह

वर्ध्याजवळच्या पवनार येथे धाम नदीच्या तीरावर विनोबा भावे यांचा परंधाम आश्रम आहे. 1938 साली प्रकृतीच्या कारणाने विनोबा येथे आले आणि 15 नोव्हेंबर 1982 रोजी येथेच त्यांनी देह ठेवला. भूदानयात्रेमुळे त्यांची पायी चालणारी मूर्ती सर्वांच्या परिचयाची झाली. पण त्यांच्या लेखनाने केलेली वाटचालही तितकीच चिंतनीय आहे.

बडोद्यास विद्यार्थीदशेत असताना विनोबा कविता रचीत आणि ती मनासारखी उतरली की अग्नीला अर्पण करीत. पुढे काशीस गेल्यावर त्यांनी आपल्या रचना गंगेत सोडल्या. लिहिलेले जवळ बाळगण्याचा मोह त्यांना नव्हता. परंतु त्या लेखनाला वाचकही नव्हता. 1923 साली वर्ध्यास ‘महाराष्ट्र धर्म’ मासिक निघाले, तेव्हा वाचक समोर आला. त्यात आरंभी उपनिषदांवरील अभ्यासपूर्ण विवेचन होते. मासिकाचे साप्ताहिक झाल्यावर नित्याच्या जीवनातील विषयांवर छोटे, सुटसुटीत निबंध आले. ‘मधुकर’ या संग्रहात ते आजही वाचावयास मिळतात.

खरी कसोटी मात्र ‘गीताई’ची होती. विनोबांच्या आईस, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता समजत नसे. मराठीतील पद्य भाषांतरही अवघड वाटे. तेव्हा तूच सोपी गीता का लिहीत नाहीस, असे त्यांनी मुलालाच विचारले होते. 1918 साली त्या निवर्तल्या. 7 ऑक्टोबर 1930 रोजी विनोबांनी लेखन आरंभिले आणि 6 फेब्रुवारी 1931 रोजी ते पूर्ण केले. जिच्यासाठी लिहावयाचे, ती आई ऐकावयास नव्हती. म्हणून छापण्यापूर्वी त्यांनी ही रचना आश्रमातील एका वर्गाला शिकवून पाहिली आणि शिकणाऱ्यांना जेथे कठीण वाटले, तेथे आपले शब्द बदलले. शिकविणारा विद्वान आणि शिकणारे कोवळे; तरीही परीक्षा शिकविणाऱ्याच्या लेखनाची झाली.

पुढच्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचने झाली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली. समोर सहबंदी बसलेले असल्याने उपनिषदांचा तोच अभ्यासक येथे घरगुती दृष्टांत देत बोलला. विद्वत्ता उणावली नव्हती. तिचे ओझे श्रोत्याच्या खांद्यावरून उतरले होते.

हीच दृष्टी ‘समणसुत्तं’च्या मुळाशी आहे. सर्व जैन पंथांना मान्य होईल असा एक ग्रंथ व्हावा, ही विनोबांची आग्रहाची विनंती होती. जिनेंद्र वर्णी यांनी संकलन केले. पहिला आराखडा ‘जैनधर्मसार’ या नावाने अनेकांकडे गेला. सूचना आल्या, गाथा गळल्या, नव्या आल्या, नावही बदलले. अखेर भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण वर्षी, 29 व 30 नोव्हेंबर 1974 रोजी दिल्लीत भरलेल्या संगीतीत निरनिराळ्या पंथांचे मुनी व विद्वान एकत्र बसले आणि 756 गाथांच्या ग्रंथाला सर्वमान्यता मिळाली. प्रत्येकाने आपापल्या शब्दाचा हट्ट धरला असता, तर हा ग्रंथ झाला नसता.

अपरिग्रह म्हटले की आपल्याला धन, वस्त्र, भांडी आठवतात. पण स्वतःच्या वाक्याची आसक्ती सोडणे त्याहून कठीण आहे. आपल्या घरातील मुलेही शाळेसाठी निबंध लिहितात. सत्राच्या अखेरीस आपण केवळ गुण विचारतो. त्याऐवजी पहिली आणि शेवटची वही शेजारी ठेवून मुलाला विचारावे, ‘यातले काय तू आपण होऊन सोडलेस, आणि कोणासाठी?’ या प्रश्नाच्या उत्तरातच त्याच्या लेखनाची खरी प्रगती कळेल.